उघडण्याचा हुकूम

१

खमीस मुशैतच्या दक्षिणेला, जिथे शहर संपून डोंगराची चढण सुरू होते, तिथे एका सपाट टेकाडावर जुनी तोफ उभी आहे. रमजानच्या महिन्यात रोज सूर्य मावळताच ती एकदा उडते आणि खाली बसलेले लोक खजूर तोंडात टाकतात. खरे पाहता आता तिची कुणाला गरज नाही. अजान होते, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. तरीही लोक सतरंज्या आणि थर्मास घेऊन, लेकरांना कडेवर घेऊन टेकाडाखाली जमतात. कारण तोफ केवळ वेळ सांगत नाही. ती रोज एक नाव घेते.

तोफ उडवणारे सहा जण होते. त्यांतले पाच निवृत्त सौदी तोफची, सत्तरीला टेकलेले, छातीवर पदके आणि हातांत पांढरे मोजे घालून येणारे. सहावा ताजुद्दीन. तो मूळचा महाड तालुक्यातला, हिंदुस्थानच्या तोफखान्यात सोळा वर्षे काढलेला, आणि आता बासष्टाव्या वर्षी मैदानाची देखभाल करणाऱ्या कंपनीचा नोकर. तोफ पुसणे, तिला तेल देणे, सहा जोड मोजे धुऊन वाळत घालणे हे त्याचे काम. गेल्या वर्षी म्हाताऱ्यांतला एक अल्लाहला प्यारा झाला तेव्हा अबू मुतलकने, म्हणजे त्यांच्या म्होरक्याने, रिकामा जोड ताजुद्दीनपुढे धरला. "तू तोफची आहेस," तो म्हणाला. "फडके खाली ठेव."

त्यांचा एक रिवाज होता. दर संध्याकाळी एक तोफची पुढे येई, नोकरीत मेलेल्या एका सोबत्याचे नाव घेई, आणि तो कसा मेला हे एकाच वाक्यात सांगे. मग बार उडे. वाक्य एकच, पण रोजा ठेवलेल्या तोंडाने, तोफेवर हात ठेवून सांगायचे. म्हणून ते खरे असले पाहिजे, एवढाच त्यांचा नियम.

२

एकोणिसाव्या रोज्याला अबू मुतलकने त्याला कोरी चिठ्ठी दिली.

"एकोणतिसावी संध्याकाळ तुझी. नाव आणि वाक्य लिहून आण. अरबी चुकली तर मी दुरुस्त करीन."

"माझ्याकडे एकच नाव आहे," ताजुद्दीन म्हणाला. "पण तो मुसलमान नाही."

"मी त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, मागितला का?" म्हातारा म्हणाला. "नाव दे. कुणाची दुआ कुणाला लागते, ते वरचा बघून घेईल."

ताजुद्दीनने लिहिले: *जयदीप. हिंदचा तोफची. शत्रूच्या गोळ्याने तोफेजवळ पडला.*

लिहिताना हात थांबला नाही, याचे त्याला पुढे फार वाईट वाटले. ते खोटे होते. जयदीपने शत्रू कधी पाहिला नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी सरावाच्या मैदानात, आपल्याच तोफेच्या मागच्या तोंडातून निघालेल्या जाळाने तो मेला होता. लष्कराच्या कागदावर त्याची नोंद 'स्वतःच्या निष्काळजीपणाने' अशी होती. त्यामुळे गावाकडे, सावित्री नदीच्या खोऱ्यात, शहीद जवानांच्या नावांचा दगड उभा राहिला तेव्हा त्यावर त्याचे नाव कोरले गेले नाही. त्याची बायको अर्चना दरवर्षी त्या दगडासमोरून जात असे. आपण निदान इथे, परक्या मुलखात, त्याला मानाचे मरण देऊ, असे ताजुद्दीनला वाटले. मेलेल्याचा मान वाढवणारे खोटे हलके असते, अशी समजूत त्याने करून घेतली. माणूस स्वतःच्या सोयीसाठी बोलतो तेव्हा दुसऱ्याच्या भल्याचे नाव पुढे करतो. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

त्याच दिवशी दुपारी गावाहून त्याच्या बायकोचा, झेबाचा फोन आला होता.

"मेहेकचे अब्बा, अर्चनावहिनींनी अंथरूण धरलंय. त्यांची लेक चारुता मुंबईहून आलीय. काल मी खीर घेऊन गेले, तर चमचाभर खाल्ली, आणि तुमचंच विचारत होत्या."

"काय विचारत होत्या?"

"शेवटी ते काही बोलले का, हेच. मला किती वेळा विचारलं असेल. मी काय सांगू? तुम्ही होतात तिथं, मी नव्हते."

"ईदनंतर कायमचाच येतोय. समोर बसून सांगेन."

"ईदपर्यंत त्या थांबतील असं दिसत नाही," झेबा म्हणाली. "फोनवर बोला की. तोंड आहे ना तुम्हाला?"

"अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

३

विसाव्या रोज्याला असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज पढून तो टेकाडावर गेला. तोफेवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या त्याने सोडल्या. गाठी त्याच्याच होत्या, जशा बांधल्या तशा. ताडपत्री ओढली, आणि तो थबकला.

ब्रीच, म्हणजे तोफेचे मागचे दार, दोन बोटे उघडे होते.

रोज बार उडाल्यावर तो ते पुसून बंद करी, खटका बसल्याचा आवाज ऐकी, आणि मगच ताडपत्री घाली. सोळा वर्षांच्या नोकरीत ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. त्याने ते बंद केले. खटका बसला. त्याने पुन्हा उघडून पुन्हा बंद केले. यंत्रात काही दोष नव्हता.

पाण्याची गाडी घेऊन शारीक आला. तो रत्नागिरीकडचा, तिशीतला, सतत तोंड चालवणारा.

"काय चाचा, उपास लागला काय? तोफेकडं बघून काय ऱ्हायलात?"

"काल इथं कुणी आलं होतं का?"

"माकडं आली होती. त्या पलीकडच्या हॉटेलवाल्याची रोट्यांची थप्पी नेली त्यांनी. हा दरवाजा उघडा होता? मग तीच. रोटी ठेवायला जागा बघत असतील."

"ताडपत्री बांधलेली होती, शारीक."

"मग ती बांधून गेली. इथली माकडं आपल्यापेक्षा शिस्तीची आहेत, चाचा. इकामा तेवढा नाही त्यांच्याकडं."

ताजुद्दीन हसला. डोंगरातली ती करड्या आयाळीची माकडे खरोखर शहाणी होती. पण दाराचा दांडा ओढण्याआधी खटका दाबावा लागे, आणि तो दाबायला माणसाच्या तळव्याचे बळ लागे. आपणच काल विसरलो असू, असे त्याने ठरवले. वय झाले की माणूस विसरतो.

एकविसाव्याला दार चार बोटे उघडे होते. बाविसाव्याला वीतभर.

४

तेविसाव्याला त्याने दांडा सुतळीने आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी सुतळी नीट गुंडाळून तोफेच्या चाकापाशी ठेवलेली होती. आधी चार बोटांभोवती, मग मधोमध एक आडवा फेरा. ताजुद्दीनने ती हातात घेतली. दोरी अशी गुंडाळणारा एकच माणूस त्याला माहीत होता. जयदीपच्या घरी जाळी विणत. त्याला दोरी तशीच गुंडाळायची सवय होती.

अशी दोरी अनेक जण गुंडाळत असतील, असे त्याने स्वतःला बजावले. अबू मुतलकलाही विचारून पाहिले.

"मागचं दार तुम्ही कुणी उघडता का?"

म्हाताऱ्याने चांगला कान पुढे केला. तोफांनी त्याचा दुसरा कान कधीच नेला होता. "नाही. का?"

"उघडं सापडतं."

अबू मुतलकने छातीवरचा खिसा चाचपला. मग म्हणाला, "तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. बदलायची असेल तर सांग."

"चिठ्ठीचा काय संबंध?"

"मी संबंध म्हटलं नाही. बदलायची असेल तर सांग, एवढंच म्हटलं."

"नाही," ताजुद्दीन म्हणाला.

हा एक शब्द तो त्या दिवशी वेगळा बोलू शकला असता.

सत्ताविसाव्याला डोंगरावरून ढग खाली उतरले होते. हवेत गारवा होता. ताडपत्री काढली तेव्हा दार पूर्ण उघडे होते. आता त्याला दचकायलाही झाले नाही. आत बारुदाची काजळी उरली आहे का, हे पाहण्यासाठी तो पुढे गेला आणि तोफेच्या तोंडातून नळीत वाकून पाहू लागला. तोफची हे नेहमीच करतात. दूरच्या टोकाला उजेडाचे वाटोळे दिसते आणि नळीच्या आतले पीळ चकाकतात.

वाटोळे दिसले. पीळ स्वच्छ होते.

मग वाटोळ्याचा उजेड कमी झाला. पलीकडून कुणीतरी वाकले होते, जसा एक तोफची या टोकाला वाकतो आणि दुसरा त्या टोकाला. ताजुद्दीनला एक डोळा दिसला. तो त्याच्याकडेच पाहत होता. डोळ्याच्या शेजारी, जिथे उरलेला चेहरा असायला हवा, तिथे काही नव्हते.

नंतर पूर्ण अंधार झाला.

तो तोफेला वळसा घालून मागे आला. तिथे कुणी नव्हते. दार बंद होते आणि खटका बसलेला होता. दार आपोआप मिटले असेल, म्हणून अंधार झाला असेल; इतके त्याच्या बुद्धीने मान्य केले. डोळ्याचे काय करावे हे तिला समजले नाही. तिने तो प्रश्न बाजूला ठेवला, जसा तिने एक प्रश्न चौतीस वर्षे बाजूला ठेवला होता.

५

तो प्रश्न असा होता.

त्या सकाळी सरावाच्या मैदानात आठ तोफांची स्पर्धा होती. हवालदार रजेवर होता, म्हणून अठ्ठावीस वर्षांचा नाईक ताजुद्दीन तोफेचा प्रमुख होता. मागच्या दाराशी जयदीप होता, त्याच्याच खोऱ्यातला, तेविशीतला, घरी पोटुशी बायको ठेवून आलेला. त्यांची तोफ सर्वांच्या पुढे होती. आणि एक बार चुकला. घोडा पडला, पण गोळा सुटला नाही.

अशा वेळी अर्धा तास थांबायचे. आत ठिणगी धुमसत असू शकते. हे तोफखान्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असते. शेजारच्या तोफा मात्र उडत होत्या आणि साहेब घड्याळाकडे पाहत होते.

जयदीपने दांड्यावर हात ठेवून मागे पाहिले. "उघडू का, उस्ताद? वेळ नाही झाली अजून."

"उघड," ताजुद्दीन म्हणाला.

चौकशीत त्याला विचारले गेले, हुकूम तुम्ही दिला होता का? तो म्हणाला, "नाही. त्याने स्वतःच उघडले." ते दोन मिनिटांत संपले. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि त्याने सही केली.

अर्चनाला तो पुढे अनेकदा भेटला. तिच्या घरचे पाणी प्याला, चारुताच्या लग्नाला उभा राहिला. शेवटी ते काय बोलले, असे तिने दरवेळी विचारले. दरवेळी तो म्हणाला, "काही नाही, वहिनी. वेळच मिळाला नाही."

जयदीपने हुकुमाशिवाय कधी काही उघडले नव्हते, ही गोष्ट जगात एकट्या ताजुद्दीनला माहीत होती.

६

एकोणतिसाव्या संध्याकाळी टेकाडाखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ढग फाटून सूर्य दिसला आणि मावळू लागला. सहाही जण पांढरे मोजे घालून आपापल्या जागी उभे राहिले. ताजुद्दीन पुढे आला, तोफेवर हात ठेवला, आणि त्याने चिठ्ठीतले वाक्य जसेच्या तसे म्हटले. शत्रूच्या गोळ्याने तोफेजवळ पडला. अरबी कुठेही चुकली नाही.

अबू मुतलकने हात खाली केला. घोडा पडल्याचा कोरडा आवाज झाला.

तोफ उडाली नाही.

खालून मुलांचा गलका झाला, मग अजान सुरू झाली आणि लोक आपापल्या ताटांकडे वळले. अबू मुतलकने काठीने जमिनीवर रेघ मारली. "अर्धा तास. रेघेच्या आत कुणी येणार नाही. रोजा सोडा."

एकाने खजुरांची वाटी फिरवली. पाच म्हाताऱ्यांनी जागेवर उभ्यानेच रोजा सोडला. ताजुद्दीनने खजूर घेतला, पण तो हातातच राहिला. उशीर करू नये हे तो जाणत होता. तरी हात तोंडाकडे जाईना.

दहा मिनिटे झाली असतील. ढग पुन्हा खाली आले आणि तोफेचे मागचे टोक धूसर झाले. तेव्हा त्याच्या उजव्या खांद्यामागून, इतक्या जवळून की कानाला ऊब लागली, कुणीतरी विचारले:

"उघडू का, उस्ताद?"

मराठी समजणारे तिथे दुसरे कुणी नव्हते. शारीक गाडीसह खाली बाजारात गेला होता. ताजुद्दीनने मान वळवली नाही. तो तोफेकडे पाहत राहिला. दाराच्या दांड्यावर एक पांढरा मोजा होता. त्याने डोळ्यांनी म्हाताऱ्यांचे हात मोजले: दहा. स्वतःचे पाहिले: दोन. दांड्यावरचा तेरावा होता, आणि दांडा हळूहळू खाली येत होता.

आता कुणी स्पर्धेत नव्हते. कुणी साहेब घड्याळ पाहत नव्हता. दार उघडले तर काय होते ते त्याने एकदा पाहिले होते, आणि रेघेपलीकडे पाच म्हातारे उभे होते.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. "उघडू नको. मी सांगेन तोवर थांब."

दांडा थांबला. वर गेला. खटका बसल्याचा आवाज सर्वांनी ऐकला, कारण पाचही जणांनी तिकडे पाहिले.

मग तो अबू मुतलकपुढे गेला आणि मोडक्यातोडक्या अरबीत त्याने खरे काय ते सांगितले. वाक्य एकाचे सात झाले. शेवटचे असे होते: "त्यानं विचारलं, मी उघड म्हणालो, आणि मग मी म्हणालो की मी म्हणालो नाही."

अर्धा तास भरला तेव्हा अबू मुतलकने स्वतः दार उघडून काडतूस बाहेर काढले. ते गार होते. त्याने दार पुन्हा बंद केले, आणि आपल्या हातांतले मोजे काढून खिशात ठेवले.

"आज नाव घेतलं गेलं नाही," तो म्हणाला. "ते इथलं नव्हतंच. हे खरं जिथलं आहे, तिथं सांग. आत्ता सांग."

७

म्हातारे उतरून गेले. ताजुद्दीनने तोफेपाशीच उभे राहून फोन लावला. गावाकडे साडेनऊ होत आले असावेत. चारुताने उचलला.

"काका, बरं झालं केलात. आईचं काही खरं नाही. झेबाकाकी इथंच आहेत."

"मला तिच्याशी बोलायचंय. तुझ्याशीही."

"ती आता कुणाशी बोलत नाही. नुसती दाराकडं बघतेय." चारुताचा आवाज दबला. "अर्ध्या तासापूर्वी एकदम शुद्धीवर आली. म्हणाली, तुझे बाबा आलेत, उंबऱ्याशी उभे आहेत. मी जाऊन पाहिलं, कुणी नाही. दार उघडं टाकलं, तर म्हणे, तू उघडून काय होतंय, त्यांना कुणीतरी थांबवलंय. बघून ये म्हणे, कोण थांबवतंय त्यांना. तेव्हापासून तेच. मी पुन्हा कडी लावली, गार वारा येत होता."

ताजुद्दीनच्या हातातला खजूर खाली पडला.

"चारुता," तो म्हणाला, "फोन तिच्या कानाला लाव."

"ऐकू जाणार नाही, काका."

"लाव."

पलीकडे श्वास ऐकू आला, थांबत थांबत येणारा. त्याने सांगितले. चौतीस वर्षे जे सांगायला गाव, समोरासमोरची बैठक, ईदनंतरची सवड लागणार होती, त्याला एक मिनिटही लागले नाही. हुकूम माझा होता, वहिनी. त्याची चूक नव्हती. तो शेवटी एवढंच म्हणाला, वेळ नाही झाली अजून. श्वास तसाच चालू राहिला. तिला कळले की नाही, हे त्याला कळले नाही. यापुढेही कधी कळणार नव्हते.

"काका," चारुता पुन्हा बोलली. तिने सर्व ऐकले होते. तिचा आवाज आता कुणा परक्याचा वाटला. "हे तुम्ही माझ्या लग्नात सांगू शकला असता."

"हो."

"आई अजून दाराकडंच बघतेय."

ताजुद्दीनने तोफेकडे पाहिले. ढगात ती काळी आणि लांबट दिसत होती. मागचे दार बंद होते. त्या माणसाने आयुष्यात हुकुमाशिवाय काही उघडले नव्हते आणि मरणानंतरही उघडणार नव्हता. मघाशी आयुष्यात पहिल्यांदा योग्य हुकूम दिला, असे ताजुद्दीनला वाटले होते. आणि तो पाळून कुणीतरी अर्धा तास आपल्याच उंबऱ्याबाहेर उभे होते.

ज्या शब्दाने त्याला मारले, तो शब्द पुन्हा उच्चारायला जीभ वळेना. त्याने डोळे मिटले, अल्लाहचे नाव घेतले.

"उघड, जयदीप," तो म्हणाला. "वेळ झाली."

तोफेचा दांडा हलला नाही. टेकाडावर कसलाही आवाज झाला नाही.

फोनमध्ये, दूर सावित्रीच्या खोऱ्यात, दाराची कडी निघाली. अर्चनाचा श्वास एकदा आत गेला आणि बाहेर आला नाही.

"कोण आहे?" चारुताने विचारले. ती ताजुद्दीनशी बोलत नव्हती.